तळं, माळ आणि उसाचा फड

आमच्या लहानपणीच्या गोष्टींत पाणी नेहमी आटत असे. बगळ्याच्या गोष्टीत तळं आटायला आलेलं असे, कासव आणि दोन हंसांच्या गोष्टीतही तळंच आटायला आलेलं असे, आणि तहानलेल्या कावळ्याला मडक्याच्या बुडाशी दिसे तेवढंच पाणी जणू साऱ्या गावात उरलेलं असे. यातली कुठली गोष्ट पंचतंत्रातली आणि कुठली इसापाची, याचा आम्हाला पत्ता नव्हता. सांगणारी आजी एकच, ऐकण्याचा उन्हाळाही एकच. त्यामुळं सगळ्या गोष्टी मंगळवेढ्याच्या शिवारातच घडून गेल्या, अशी आमची पक्की समजूत होती.

त्यात १९७२ चा दुष्काळ आला. विहिरींनी तळ दाखवला. मोठी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली, आम्हा पोरांना सुकडी मिळू लागली आणि रेशनवर लाल मिलो आला, ज्याची भाकरी कुत्रंसुद्धा नाराजीनं खाई. त्या उन्हाळ्यात आजीनं बगळ्याची गोष्ट पुन्हा सांगितली. म्हातारा झालेला, मासे पकडणं न जमणारा बगळा काठावर रडत उभा राहतो. का रडतोस विचारल्यावर म्हणतो, ज्योतिषी सांगतात, शनी रोहिणीचा गाडा भेदणार. आता बारा वर्षं पाऊस नाही. तुम्हा सगळ्यांना एकेक करून पलीकडच्या मोठ्या तळ्यात नेऊन सोडतो. पुढचं ठाऊकच आहे: खडक, माशांचे काटे, आणि शेवटी खेकड्यानं धरलेली मान.

शहरात वाढलेला वाचक ही गोष्ट वाचून म्हणतो, मासे किती मूर्ख! आम्हाला तसं वाटलं नाही. रोहिणी कोरडी गेली, मृगही कोरडा गेला, हे घरातली माणसं बोटांवर मोजताना आम्ही रोज ऐकत होतो. उद्या कुणी गावात येऊन म्हणालं असतं, चला, पलीकडं पाणी आहे, तर अर्धं गाव त्याच्या मागं गेलं असतं, आणि आम्ही पोरं सर्वांत पुढं. घाबरलेल्या माणसाला ठग लवकर गाठतो, हे त्या गोष्टीचं मर्म आजीनं कधी तोंडानं सांगितलं नाही. ते तळ्याच्या भेगाळलेल्या चिखलानं सांगितलं. गोष्टीच्या शेवटी ‘तात्पर्य’ असतं, हे आम्हाला शाळेत गेल्यावर कळलं.

अलीकडं पुण्यात नातवाला हीच गोष्ट सांगितली. त्यानं शांतपणे विचारलं, “आबा, माशांनी टँकर का नाही मागवला?” घरातले सगळे हसले. मला मात्र प्रश्न चोख वाटला. त्याच्या सोसायटीतही मे महिन्यात पाणी जातं. पण त्याच्या जगात पाणी आटत नाही, ते उशिरा येतं, आणि उशीर झाला की सेक्रेटरीकाका कुणाला तरी फोन करतात. तळं आटण्याची भीतीच ज्याला नाही, त्याच्यासाठी बगळा नुसता खोटारडा उरतो आणि गोष्ट ‘खोटं बोलू नये’ एवढ्यावर येऊन बसते. मग मी बगळ्याला टँकरवाला केलं आणि आगाऊ पैसे घ्यायला लावले. गोष्ट तिथल्या तिथं जमली. नातू खेकड्याच्या बाजूनं ओरडायला लागला.

आटणारं पाणी दुसऱ्या एका मोठ्या लेखकालाही सापडलं होतं. रुडयार्ड किपलिंग जन्मला मुंबईत, १८६५ साली, जे. जे. कलाशाळेच्या आवारात, पण ‘जंगल बुक’ लिहिलं ते अमेरिकेतल्या व्हर्मॉन्टमध्ये, बर्फाच्या मुलखात बसून. त्याचं जंगल मात्र सिवनीचं आणि नदी वैनगंगा. आपल्या गोंदिया-भंडाऱ्यातून पुढं गडचिरोलीकडं जाते तीच ही वैनगंगा. १८९५ च्या दुसऱ्या भागात एक गोष्ट आहे. दुष्काळ इतका पडतो की नदीच्या मधला एक खडक उघडा पडतो, आणि तो दिसला की हत्ती जाहीर करतो: आता पाण्यावर कुणी कुणाची शिकार करायची नाही. वाघ आणि हरिण एकाच धारेला तोंड लावतात. आमच्या बगळ्याच्या तळ्यात पाणी आटलं तेव्हा फसवणूक सुरू झाली, किपलिंगच्या नदीत पाणी आटलं तेव्हा कायदा सुरू झाला. ७२ मध्ये आम्ही गावात या दोन्ही गोष्टी पाहिल्या. एकाच आडावर जातीपातीची भांडणं थांबलेली पाहिली आणि त्याच आडावर रात्री पाणी चोरणारेही पाहिले.

आमच्यानंतरच्या पिढीला मोगली भेटला तो १९९३ साली, दूरदर्शनवर, रविवारी सकाळी. मालिका जपानी, शीर्षकगीत गुलजारांचं. त्या गाण्याच्या वेळी रस्ते ओस पडत. मुलं वेडी झाली हे चांगलंच झालं. पण त्या मोगलीच्या जंगलाकडं पाहताना मला हटकून वाटे, की इथं मोहाचा वास नाही, वैशाखाचा वणवा नाही आणि पायाखाली पानगळीचा आवाज नाही. रान होतं ते कायम हिरवंगार. सिवनीचं रान उन्हाळ्यात हिरवं नसतं. पानं झडून ते उघडं पडतं, आणि तसं पडतं म्हणूनच वाघ दिसतो.

माकड आणि मगरीची गोष्ट मात्र आमच्याकडं नीट बसत नसे. आमच्या माण नदीला गुडघाभर पाणी असलं तरी नवल, मगर आणायची कुठून? पंचतंत्रात ते झाड समुद्रकाठचं जांभूळ आहे. जातककथेत प्रसंग गंगेकाठचा आहे, आणि माकड मगरीला सांगतं की आमची काळजं त्या तिकडच्या उंबरावर लटकताहेत. मोठेपणी सांगली जिल्ह्यात भिलवडीजवळ औदुंबरला गेलो. दत्ताचं देऊळ, उंबर, घाट आणि खाली संथ कृष्णा. तिथल्या एकानं सहज सांगितलं, फार पुढं पाण्यात उतरू नका, मगरी आहेत. तेव्हा कुठं ती गोष्ट मला जागेवर बसली. झाडाखाली मगर फळं मागणारी पाहुणी असते. प्रवाहाच्या मध्यावर तीच मगर मालक होते. दोघांपैकी कुणाचाच स्वभाव बदललेला नसतो, बदललेली असते ती पायाखालची जागा. मैत्री कुठवर चालते हे सांगायला नदीची रुंदी पुरते. त्या काठच्या शेतकऱ्याला आजही मोटार चालू करायला नदीत उतरताना मगरीचा विचार करावा लागतो; त्याच्या पोराला ही गोष्ट समजावून सांगायची गरज नसावी.

जंगलाचंही तसंच. भोपळ्यात बसून जाणाऱ्या म्हातारीची गोष्ट मराठी घरात कुणाला सांगावी लागत नाही. त्या गोष्टीतलं जंगल कुठं आहे, एवढं मात्र बघा. ते दूर कुठं सहलीला जाण्याच्या ठिकाणी नाही. ते आपल्या घराच्या आणि लेकीच्या घराच्या मध्ये आहे. लेकीला भेटायचं तर लांडगा, अस्वल, वाघ यांच्यासमोरूनच जायचं, आणि परत यायचं तेही त्याच वाटेनं. माहेर-सासरच्या मधलं अंतर हीच त्या काळातल्या बायकांची खरी भीती होती. दिलेली लेक पुन्हा डोळ्याला दिसेल की नाही, ही धास्ती त्या जंगलात दडलेली आहे. आजी ही गोष्ट सांगताना आम्हाला भोपळ्याच्या उड्या दिसत. सासरहून माहेरी आलेल्या आत्याला काय दिसत असेल, ते आता समजतं.

आता म्हातारी लेकीकडं एसटीनं जाते आणि जंगल पाहायला ताडोब्याला जावं लागतं. आधी प्रवेशद्वार निवडायचं, मग जिप्सीचं आरक्षण, मग पहाटेची थंडी आणि वाघ दिसला नाही तर परतीच्या वाटेवर रुसवेफुगवे. याला मी नावं ठेवत नाही. १९५५ साली ताडोब्याचं राष्ट्रीय उद्यान झालं नसतं, तर माझ्या नातवाला वाघ चित्रातच पाहावा लागला असता. पण लहान मुलाच्या मनातल्या जंगलाला आता दरवाजा आला आहे. आत प्राणी, बाहेर आपण. शिवाय पडद्यावरच्या सिनेमांनी या जंगलात आफ्रिकेचा गवताळ प्रदेश आणून ओतला. मुलाला जंगल काढायला सांगा, तो जिराफ काढतो. झेब्रा काढतो. शेकरू, म्हणजे आपला राज्यप्राणी, त्याच्या कागदावर येत नाही. मुंगूस येत नाही, घोरपड येत नाही. राणीच्या बागेत तर गार केलेल्या काचेच्या दालनात पेंग्विन आहेत. भायखळ्याच्या घामट दुपारी पेंग्विन पाहून आलेल्या मुलाला प्राणी आणि त्याची जागा यांचा काही संबंध असतो, हे आपण कोणत्या तोंडानं सांगणार?

जुनं सगळं सोनं होतं, असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्या गोष्टींत क्रौर्य भरपूर होतं. पंचतंत्रातल्या गोष्टी विष्णुशर्म्यानं सांगितल्या त्या राजपुत्रांना राजकारण शिकवायला, आणि राजकारण म्हटलं की दयामाया आली कुठून? कावळे आणि घुबडांच्या वैरात कावळे वडावर राहतात, घुबडं एका गुहेत. वड चहूबाजूंनी मोकळा, गुहेला तोंड एकच. हा जागेचा फरक कावळ्यांचा हेर हेरतो, आणि दिवसा घुबडांना दिसत नसताना गुहेच्या तोंडाशी काटक्या रचून आग लावली जाते. सबंध कूळ भाजून निघतं आणि आम्ही पोरं टाळ्या वाजवत असू. त्या गोष्टींनी घुबडाला, कोल्ह्याला, लांडग्याला असं काही बदनाम केलं की गावात घुबड दिसलं तर दगड मारणं हे पुण्यकर्म होतं. उंदीर खाऊन शेत राखणारा पक्षी तो. आणि लांडगा? मेंढपाळ पोरगा खोटंच ओरडतो त्या गोष्टीतला माळ म्हणजे आमचा रोजचा माळ होता. कुसळी गवत, धनगरांचे वाडे, लांबवर एखादं बाभळीचं झाड. आज त्या माळाला सरकारी कागदावर पडीक म्हणतात, त्यावर प्लॉट पडतात, आणि त्या पोराला खरंच ओरडायचं असेल तर लांडगाच जागेवर नाही.

या बाबतीत आजची मुलांची पुस्तकं उजवी आहेत, निःसंशय. प्राणी खरा दिसतो, पक्ष्याची चोच त्याच्याच जातीची असते, कोल्ह्याला जन्मजात लबाड ठरवलेलं नसतं. चित्रं तर अशी की आमच्या काळातली मुलं ती उशाशी घेऊन झोपली असती. माधुरी पुरंदऱ्यांसारख्या लेखिका-चित्रकारानं मराठी मुलांना स्वतःचं घर, स्वतःची गल्ली आणि मामाचं गाव पुस्तकात दिसू दिलं, हे लहान काम नव्हे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर २०१५ पासून मराठी गोष्टी फुकट वाचता येतात. आम्हाला एक ‘चांदोबा’ चार घरं फिरून मिळायचा.

पण माझी एक तक्रार आहे. आजच्या प्राणिकथेत निसर्ग फार वेळा बिचारा असतो. नदी मळलेली, झाड तोडलेलं, पाखरू बेघर, आणि शेवटी मुलं मिळून रोप लावतात. आजाऱ्याच्या उशाशी बसून हळू आवाजात बोलावं, तशी गोष्ट चालते. त्यातली काळजी खरी आहे, कुणी नाकारत नाही. पण जुन्या गोष्टीतल्या पावसाला कुणाच्या दयेची गरज नव्हती. तो आला की कावळ्याचं शेणाचं घर वाहून जाई आणि चिमणीचं मेणाचं घर उभं राही. त्या एका पावसानं दोन शेजाऱ्यांची परीक्षा होई. चिमणी दार उघडायला किती वेळ लावते! बाळाची अंघोळ काय, काजळ काय! लहानपणी आम्ही चिमणीच्या बाजूचे होतो. ज्या वर्षी आमचं माळवद गळून शेजाऱ्यांकडं रात्र काढावी लागली, त्या वर्षी मी पक्ष बदलला. रोप लावण्याच्या गोष्टीत पक्ष बदलायला वावच नसतो.

आता शेतातली एक गोष्ट. इसापाची चंडोलाची. चंडोल हा जमिनीवर घरटं करणारा पक्षी. उभ्या पिकात पिल्लं वाढत असतात. शेतकरी येतो आणि म्हणतो, पीक तयार झालं, शेजाऱ्यांना कापणीला बोलावतो. पिल्लं घाबरतात, आई म्हणते, अजून भिऊ नका. मग तो म्हणतो, भाऊबंदांना बोलावतो. आई म्हणते, अजूनही नाही. शेवटी तो म्हणतो, उद्या मीच विळा घेऊन येतो. आई म्हणते, चला, आता निघायला हवं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात शाळू पिवळा पडायला लागला की आम्हाला ही गोष्ट आठवे. पिकणारं पीक हेच त्या गोष्टीतलं घड्याळ आहे. कणीस भरतं तसा पिल्लांचा वेळ संपत जातो. माझ्या आजोबांना मात्र ती अजिबात आवडत नसे. आमच्याकडं काढणी सावडीनं व्हायची. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. “दुसऱ्यावर विसंबू नका म्हणणारी गोष्ट कुणा एकलकोंड्यानं केली असणार,” असं ते म्हणत. ग्रीसच्या शेतातून निघालेली गोष्ट सोलापूरच्या शेतात पोचली आणि तिथं तिला विरोधक भेटला. गोष्ट जिवंत असल्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

ही गोष्ट आज महाराष्ट्रात पुन्हा घडते आहे, फक्त चंडोलाच्या जागी बिबट्या आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर या पट्ट्यात धरणांचं पाणी आलं आणि मैलोन्‌मैल ऊस उभा राहिला. उंच, दाट, थंडगार. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला आणखी काय हवं? पण ऊस हे रान नव्हे. साखर कारखाने सुरू झाले की तोड येते, कोयता चालायला लागतो, आणि फडाच्या मधोमध मजुरांना मांजराएवढी पिल्लं सापडतात. वनखात्याची माणसं ती पिल्लं सापडली त्याच जागी रात्री ठेवतात आणि आईची वाट पाहतात. पुष्कळदा ती येते आणि एकेक उचलून नेते. कुठं? शेजारच्या, अजून न तोडलेल्या फडात. चंडोलाच्या आईनं माणसाचं बोलणं ऐकून अंदाज बांधला. या आईला तोडणीचं वेळापत्रक कुणी सांगितलेलं नाही. आणि कोयता घेऊन आलेल्या मजुराचं पोरही फडाच्या कडेलाच झोळीत झोपलेलं असतं. त्याचंही घर पाचटाचं, त्यालाही हंगाम संपला की उठायचं असतं. दोन आया, दोन पिल्लं, एकच फड. भीती दोन्हीकडची आणि खरी. बिबट्यानं माणसं मारल्याचं दुःख त्या गावांनी सोसलेलं आहे, ते गोष्टीतून गाळून चालणार नाही.

सिंह आणि सशाच्या गोष्टीतल्या विहिरीचंही असंच झालं आहे. तिथं सिंह पाण्यात स्वतःचं प्रतिबिंब पाहून उडी घेतो. विहीर म्हणजे गर्वाला दाखवलेला आरसा. २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. त्याच्यात गर्व वगैरे काही नव्हता. संशोधक विद्या अत्रेय यांच्या चमूनं त्याला कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं, आणि तो शंभराहून अधिक किलोमीटर चालत थेट मुंबईच्या संजय गांधी उद्यानाशी पोचला. शांत स्वभावामुळं त्याचं नाव पडलं आजोबा. शेती, वस्त्या, रस्ते, सगळं ओलांडून तो गेला आणि वाटेत त्यानं कुणाला ओरखडा काढला नाही. पुढं महामार्गावर एका वाहनाच्या धडकेनं तो मेला. २०१४ साली सुजय डहाके यांनी यावर ‘आजोबा’ हा चित्रपट केला. भोपळ्यातली म्हातारी जंगल ओलांडून लेकीकडं गेली होती. हा म्हातारा माणसांचं जंगल ओलांडून घरी गेला, आणि त्याला भोपळाही मिळाला नव्हता.

म्हणून जुन्या गोष्टींच्या आठवणी काढून मला हळहळायचं नाही. तळं, माळ आणि नदी यांनी जे काम केलं, ते आज उसाचा फड, कठडा नसलेली विहीर, महामार्ग आणि सोसायटीची पाण्याची टाकी करू शकतात. जागा बदलली आहे, तिची धार गेलेली नाही. मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी त्या जागेवर जाऊन उभं राहायला हवं, एवढंच. मराठीत हे करायला जागाही तयार आहे. बालभारतीचं ‘किशोर’ नोव्हेंबर १९७१ पासून निघतं आहे, त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात, आणि त्यांत रानाची, पाखरांची, शेतशिवाराची गोष्ट मुलांना कशी सांगितली गेली, हे वर्षानुवर्षांचं पाहायला मिळतं.

जुन्नर-शिरूरच्या झेडपी शाळांत शिकवणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे. फडात सापडलेल्या पिल्लांची गोष्ट तुमच्या वर्गातल्या पोरांना तोंडपाठ असेल. त्यातल्या कुणी घाबरून घराचं दार लावलं असेल, कुणी पिल्लू जवळून पाहिलं असेल. ती त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच बोलीत लिहून घ्या आणि शेवटी तात्पर्य न जोडता ‘किशोर’कडं पाठवा.